तुमचं आवडतं मूलद्रव्य कोणतं? आणि का?

चंचुपात्र

मंडळी, ऑलिव्हर सॅक्स हे न्यूयॉर्कमधले नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ, पण मुळात धातूंचे वेडे. आपले वाढदिवस ते अणुक्रमांकाने मोजायचे. ७९ म्हणजे सोनं, ८० म्हणजे पारा, ८१ थॅलियम, ८२ शिसं. पुढच्या बिस्मथपर्यंत आपण पोचत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, शिशाच्या वर्षातच गेले.

तर प्रश्न असा, की प्रयोगशाळेत, कारखान्यात, दवाखान्यात किंवा शाळेत ज्यांचा मूलद्रव्यांशी रोजचा संबंध आहे त्यांना त्यातलं एखादं 'आपलं' वाटतं का? आणि कशामुळे? दोनच अटी. भाव बघून सोनं-प्लॅटिनम सांगायचं नाही. आणि 'ऑक्सिजन, कारण त्याच्याशिवाय जगता येत नाही' हे उत्तर निबंधाच्या वहीसाठी राखून ठेवा.

माझं बिस्मथ. शिशाच्या शेजारी राहून निरुपद्रवी. स्फटिक पाहिलेत का? पायऱ्यापायऱ्यांचे, इंद्रधनुषी. आणि आव असा, की मी शेवटचं स्थिर मूलद्रव्य! पुस्तकांतही तसंच छापलेलं असायचं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्सेच्या गटाने त्याला पकडलं. बिस्मथ-२०९ सुद्धा अल्फा कण सोडतं, फक्त अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे २ × १०^१९ वर्षं. विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. इतक्या निवांतपणे किरणोत्सारी असणं मला फार आवडतं.

फुकटचा_सल्ला

फॉस्फरस. १६६९ साली हॅम्बर्गच्या हेनिग ब्रँडने सोनं मिळेल या आशेने पिंपंच्या पिंपं लघवी साठवली, कुजवली आणि आटवली. मिळाला अंधारात चमकणारा फॉस्फरस. शास्त्रज्ञाचं कौतुक सगळे करतात, शेजाऱ्यांचं कोणी करत नाही. आमच्या सोसायटीने पहिल्याच पिंपाला नोटीस काढली असती.

मास्तर_नागपूरकर

गॅलियम, आणि त्यात दुसरा विचार नाही.

मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आवर्तसारणीत ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरात काय बसेल ते लिहून ठेवलं होतं. घनता ५.९ च्या आसपास, सहज वितळणारं, आणि वर्णपटावरून सापडेल. १८७५ मध्ये लकोक द ब्वाबोद्राँला ते पिरेनीजच्या जस्ताच्या खनिजात, वर्णपटावरूनच सापडलं. पण त्याने घनता मोजली ती भरली ४.७. मेंडेलीव्हने पीटर्सबर्गहून कळवलं, तुमचा नमुना अशुद्ध आहे, पुन्हा बघा. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिलेला नाही तो ज्याच्या हातात धातू आहे त्याला सांगतोय! लकोकने शुद्ध करून पुन्हा मोजलं. ५.९. नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

दुसरं कारण आमच्या गावचं. गॅलियम २९.८ अंशाला वितळतं. पुण्यामुंबईचे लोक तळहातावर ठेवून वितळवतात आणि टाळ्या वाजवतात. नागपुरात एप्रिल-मेमध्ये ते डबीतच पाणी होऊन बसलेलं असतं, आम्हाला उलटा प्रयोग करावा लागतो. माठावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि डबी त्यात ठेवायची. तरीही ते लवकर गोठत नाही, वितळणांकाच्या बरंच खाली जाऊनही पातळच राहतं. मग घन गॅलियमचा एक कण काडीच्या टोकावर घेऊन पृष्ठभागाला लावायचा. त्या ठिपक्यापासून स्फटिकाच्या कडा सरळ रेषेत धावत सुटतात, अगदी डोळ्यांदेखत. गोठताना पाण्यासारखं प्रसरण पावतं, म्हणून ठेवायचं प्लॅस्टिकच्या डबीत. काचेची बाटली तडकते.

गॅमाताई

मास्तर, असे शिक्षक आम्हाला का नाही मिळाले? आमच्याकडे आवर्तसारणी म्हणजे 'पाठ करून या'.

हायफ्लो

इथे सगळे शोभेचे धातू चाललेत. मी औषधाच्या कारखान्यात प्रोसेसवर असतो, माझं आवडतं पॅलेडियम. आवडतं म्हणजे, सासुरवाडीचं माणूस जसं आवडावंच लागतं तसं.

आमच्याकडे ते येतं कोळशावर बसवून. काळीकुट्ट ओली भुकटी, पाच नाहीतर दहा टक्के. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबपात्रात माल, मिथेनॉल, ही भुकटी आणि वरून हायड्रोजनचा दाब. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या ९०० पट हायड्रोजन शोषून घेतं. थॉमस ग्रॅहॅमने १८६० च्या दशकात हे दाखवलं तेव्हा लोकांना खरं वाटलं नव्हतं म्हणतात. मला रोज खरं वाटतं.

खरी परीक्षा रिअ‍ॅक्शन संपल्यावर. हायफ्लो या गाळायला मदत करणाऱ्या भुकटीचा थर लावून नायट्रोजनखाली गाळायचं (माझ्या आयडीचं रहस्य फुटलं) आणि वर साठलेला भुकटीचा केक कधीही, कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. नवा पोरगा फोन बघत उभा राहतो, व्हॅक्यूम चालूच राहतो. आधी केकच्या कडेला एकदोन लाल टिपके दिसतात, कोणी विडी विझवल्यासारखे. आवाज नाही, धूर नाही. मग मिथेनॉल पेटतं आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, नुसती हवा थरथरते. ती थरथर ज्याने एकदा पाहिली तो जन्मभर धुण्याची बाटली हातात घेऊन उभा राहतो.

आणि एवढे लाड करून शेवटी त्याला मालातून पूर्ण हाकलायचं. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पॅलेडियम जाता कामा नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आणताना नाकदुऱ्या, घालवताना नाकी नऊ. पण कार्बनला कार्बन जोडून देणारा असा मध्यस्थ दुसरा नाही. २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना त्याच्याच जोरावर मिळालं.

संयुगवादी

धाग्याचा मूळ प्रश्नच मला पटलेला नाही. रसायनशास्त्रात आवडतं मूलद्रव्य नसतं, आवडतं संयुग असतं. सोडियम आवडतं म्हणणाऱ्याने ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं आणि जेवायला मीठ घ्यायचं. पोटॅशियम, कॅल्शियम, फ्लुओरिन यांना मूलद्रव्य म्हणून किती जणांनी पाहिलंय? हायफ्लोंनाही पॅलेडियम आवडत नाही, कोळशावर पसरलेला त्याचा पृष्ठभाग आवडतो. तेच पॅलेडियम सळईच्या रूपात द्या, काय करतील? 'आवडतं मूलद्रव्य' म्हणजे 'आवडतं मुळाक्षर' विचारण्यासारखं आहे.

हायफ्लो

@संयुगवादी, सळई दिली तर विकेन आणि गावी घर बांधेन.

बाकी पृष्ठभाग झाला तरी धातूच आहे तो, संयुग नव्हे.

सोनारबापू

हायफ्लोसाहेब, वापरलेल्या भुकटीचं काय करता?

हायफ्लो

वजन करून, सील करून, परत. गाळलेला कागद, पुसलेलं फडकं सगळं त्याच पिंपात. हिशोब ग्रॅमात.

सोनारबापू

वाटलंच. म्हणजे तुमच्याकडेही झारेकरी आहेत तर! आमच्या पेढीवरची झाडलोट, भट्टीची राख, इतकंच काय पायपुसणंसुद्धा झारेकरी विकत घेऊन जायचा आणि त्यातून सोनं काढायचा.

धागाकर्त्यांनी सोन्याला भावामुळे बंदी केलीय, पण मी भावासाठी सांगतच नाही. रंगासाठी सांगतो. चांदी पांढरी, जस्त पांढरं, प्लॅटिनम पांढरं, मग सोनंच पिवळं का? नातवाने सांगितलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन. त्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉन इतक्या वेगात असतात की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू पडतो. त्याने आतबाहेरच्या कक्षांमधलं अंतर कमी होतं आणि निळा प्रकाश शोषला जातो. उरतो तो पिवळा. सापेक्षतावाद नसता तर सोनं चांदीसारखंच दिसलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या कसोटीवर रेघ ओढून आम्ही रंग बघत होतो, म्हणजे बघत काय होतो ते आत्ता कळलं.

चंचुपात्र

बापू, बंदी उठवली. पुरवणी: शेजारच्या घरातला पारा पातळ आहे तोही याच कारणाने.

देवगडी

इतके प्रतिसाद झाले आणि हेलियमचं नाव नाही? आमच्या सिंधुदुर्गात लागलेला शोध! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, विजयदुर्ग किल्ला, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब. किल्ल्यावर ते दुर्बीण लावायचे 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडलेलं एकमेव मूलद्रव्य, आणि ते आमच्या बुरुजावरून. विषय संपला.

खगोलवेडी

देवगडी, विषय आत्ता सुरू झाला. :)

१८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हते. ते इंग्लंडात होते, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसताना, नव्या वर्णपटमापकातून त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहणाला इथे होते ते फ्रान्सचे जाँसेन, गुंटूरला. ज्वाळांच्या रेषा इतक्या लख्ख दिसल्या, की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसं करून दाखवलं. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला होते, जमखंडीला धाकटे हर्शेल. जाँसेन आणि लॉकियर यांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे एकाच पदकावर दोघांचे चेहरे काढले.

त्यातली ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघेच्या अगदी शेजारची, पण सोडियमची नाही. हे नवीन मूलद्रव्य आहे असं लॉकियरनी म्हटलं, आणि पुढची २५ हून अधिक वर्षं बहुतेक रसायनशास्त्रज्ञ त्यावर हसत होते. १८९५ मध्ये रॅमझेंना ते क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत मिळालं, तेव्हा हसू थांबलं.

पण ओटे खोटे नाहीत! लॉकियर विजयदुर्गला आले होते, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमिनी' जहाजाचे खलाशी मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला वेधशाळा मांडून बसले होते. त्या माणसाबद्दल खरं तर स्वतंत्र धागा हवा.

देवगडी

खगोलताई, तारखा तुमच्या घ्या, ओटे आमचे राहू द्यात. आणि असं बघा, आपण सूर्यावर सांगितलेलं मूलद्रव्य तीन वर्षांपूर्वीच पृथ्वीवर सापडलंय, लोकांची तोंडं बंद झालीत, अशा थाटात साहेब विजयदुर्गला उतरला असणार. आमच्याकडे शोधक आला नाही, विजयी वीर आला. ते जास्त भारी की नाही?

फुकटचा_सल्ला

कोकणी माणसाशी वाद घालून कोणी जिंकलंय का? हापूस मागवा आणि गप्प बसा.

गॅमाताई

माझं टेक्नेशियम. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे हा जवळजवळ कौटुंबिक मामला.

अणुक्रमांक ४३. मेंडेलीव्हने याचीही जागा रिकामी ठेवली होती, पण निसर्गात शोधून शोधून सापडेना, कारण याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधली (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) वापरून झालेली मॉलिब्डेनमची पट्टी भौतिकशास्त्रज्ञ सेग्रेंकडे इटलीत पालेर्मोला पाठवली होती. त्या भंगारात त्यांना आणि पेरियेंना ४३ सापडलं. माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य.

आमच्याकडे ते रोज 'दुहावं' लागतं, शब्दशः तोच शब्द वापरतो आम्ही. शिशाच्या जाड कवचात मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर येतो, अर्धायुष्य ६६ तास. त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. सकाळी सलाइनची कुपी एका सुईवर टोचायची, निर्वात कुपी दुसरीवर. आत बुडबुडे येताना ऐकू येतात, आणि पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उतरतं. दिसायला काही नाही, शेजारचा मीटर मात्र केकाटतो. याचं अर्धायुष्य सहा तास. त्यामुळे सगळं घड्याळावर. पेशंट रिक्षात अडकला तर आमचा डोस वाटेतच म्हातारा होतो. सोमवारची गाय तगडी, शुक्रवारपर्यंत ती भाकड व्हायला लागते. मग हाडांचा स्कॅन कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर, याची गणितं.

आवडतं यासाठी, की ते काम करतं आणि जातं. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या अंगात जवळपास काही उरत नाही. असे पाहुणे घरी यावेत.

चंचुपात्र

'डोस वाटेतच म्हातारा होतो'... ताई, दंडवत.

वरातवाला

थोरियम. आमचा पूर्वी गॅसबत्त्यांचा धंदा होता, लग्नाच्या वराती, गणपती, तमाशाचे फड. बत्तीच्या जाळीत ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १८९१ मध्ये हे प्रमाण बसवलं. नुसत्या थोरियमने उजेड पडत नाही, सेरियम वाढवला तरी पडत नाही. तो एक टक्काच हवा.

नवी जाळी म्हणजे मऊ कापडी पिशवी. दोऱ्याने बांधायची, काडी लावायची, कापड जळून जातं आणि उरतो तो राखेचा सांगाडा. आकार तोच, पण बोट लागलं की खल्लास. ती पेटलेली बत्ती डोक्यावर घेऊन बाया खड्ड्यांच्या रस्त्याने चालायच्या आणि जाळी फुटायची नाही. ते कसब कुठल्याच शास्त्रज्ञाच्या नावावर नाही. किरणोत्साराचं आम्हाला काय माहीत, फुटलेल्या जाळीची राख फुंकून टाकायचो. आता बऱ्याच जाळ्यांत यिट्रियम असतं.

पाटील_कोपनहेगन

वरातवाले, नंबर एक प्रतिसाद.

मी राहतो ते शहर हाफ्नियमचं. १९२३ मध्ये कोस्टर आणि हेवेसी यांना ते इथेच सापडलं, झिर्कोनियमच्या खनिजात लपलेलं. पण हेवेसीची मला आवडणारी गोष्ट सोन्याचीच आहे (बापू, घ्या). १९४० मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरलं तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा तिथे गंभीर गुन्हा, आणि पदकावर नाव कोरलेलं. हेवेसीने ती अम्लराजात (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) विरघळवली. सोनं सहज विरघळत नाही, दुपार त्यातच गेली. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर इतर बाटल्यांत ठेवून दिली. सैनिकांनी झडती घेतली, बाटलीकडे कोणी पाहिलं नाही. युद्धानंतर बाटली तिथेच होती. सोनं परत मिळवून स्वीडनला पाठवलं आणि पदकं नव्याने पाडून दिली.

संयुगवादी

म्हणजे सोनं वाचलं ते क्लोरोऑरिक आम्ल या *संयुगामुळे*. माझा मुद्दा सिद्ध केल्याबद्दल आभार.

खगोलवेडी

संयुगवाद्यांना आवडेल असं उत्तर माझ्याकडे नाही, कारण ताऱ्यांच्या पोटात संयुगं टिकतच नाहीत. माझं हायड्रोजन. १९२५ मध्ये सिसिलिया पेन या पंचविशीच्या मुलीने हार्वर्डमध्ये मेघनाद साहांचं आयनीकरणाचं समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावलं आणि उत्तर आलं, तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत. तेव्हाचा समज, की सूर्याची घडण पृथ्वीसारखीच. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ रसेल यांच्या दबावाने तिला प्रबंधात लिहावं लागलं, की हे प्रमाण 'जवळजवळ निश्चितच खरं नाही'. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला आले. त्या एका वाक्यासाठी मी हायड्रोजनच्या बाजूने आहे, कायमची.

अडाणी_अण्णा

रेडियम. आमच्या नाक्यावर मिळतं, स्कूटरच्या मागे 'आईचा आशीर्वाद' कापून देतात.

फुकटचा_सल्ला

अण्णा, मेरी क्युरींनी टनावारी पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) घोटून एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड मिळवलं. तुम्हाला शंभर रुपयांत संपूर्ण आशीर्वाद मिळाला, नशीब काढलंत.

चंचुपात्र

एक निरीक्षण. ज्यांचं मूलद्रव्याशी पोट बांधलेलं आहे (हायफ्लो, गॅमाताई, वरातवाले) त्यांनी त्याच्या खोड्या सांगितल्या. आम्ही वाचणारे मात्र गुण सांगत बसलो. माझं बिस्मथ आता मलाच जरा पुस्तकी वाटायला लागलंय, पण बदलणार नाही.

आणि संयुगवादी, इतका वेळ सगळ्यांना टोकताय, तुमचं तरी सांगा. संयुग नको, मूलद्रव्यच.

संयुगवादी

आग्रहच असेल तर आयोडीन.

कारण ते मूलद्रव्याच्या रूपातच डोळ्यांना सुख देतं. काळसर, चमकदार खपल्या. परीक्षानळीत दोन दाणे टाका, तळाशी हलकी ऊब द्या. पातळ झालेलं दिसायच्या आधीच जांभळी वाफ उठते, जड असल्यामुळे वर न धावता नळीतच रेंगाळते आणि वरच्या थंड काचेवर पुन्हा खपल्या धरते. तेच आयोडीन केरोसीनमध्ये जांभळं, स्पिरिटमध्ये तपकिरी, स्टार्चवर निळंकाळं. १८११ मध्ये कुर्त्वा हा फ्रेंच सोराकारखानदार समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होता, गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळा ढग उठला. आयुष्यात एकदा तरी असं जास्त पडावं.

मात्र नोंद घ्यावी, खपलीत आयोडीनचे अणू जोडीने असतात, म्हणजे रेणू. तेव्हा मी अजून माझ्या जागेवरच आहे.

गॅमाताई

थायरॉइडच्या पेशंटना आम्ही आयोडीन-१३१ देतो. तुमचा पक्ष आमच्याही ओळखीचा आहे, संयुगवादी. या कधी.

अनुस्वार

उशिरा आले, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मास्तर, एक व्यावहारिक शंका. लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी गॅलियम हवंय. ऑनलाइन मिळतं, पण हाताळायला सुरक्षित आहे का? आणि पुण्याहून नागपूरला आजोळी नेऊन दाखवायचंय म्हणते.

मास्तर_नागपूरकर

पाऱ्यासारखं विषारी नाही, वाफही होत नाही, तरी हातमोजे घाला कारण हात काळे पडतात आणि डाग लवकर जात नाही. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. ॲल्युमिनियमपासून मात्र दूर. थेंबभर गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांच्या फटींत शिरतं आणि काही तासांत पत्रा बिस्किटासारखा मोडतो. घरातली पातेली आधी उचला. आणि विमानाने नेऊ नका, विमान ॲल्युमिनियमचं असतं, ते लोक घेऊ देत नाहीत. रेल्वेने या. डबी उभी ठेवा, झाकणाला टेप लावा, आणि प्रदर्शन मे महिन्यात असेल तर बर्फाची सोय आधी बघा.